कर्दळ आणि वाळा : शाळेच्या बागेसाठी फुलझाड की गवत?



वनस्पतींचे वर्गीकरण शिकताना आपण वार्षिक, द्विवार्षिक आणि बहुवार्षिक असे तीन गट पाठ करतो. बहुवार्षिक म्हटलं की मुलं लगेच आंबा, वड, पिंपळ सांगतात. ते बरोबरच आहे. पण लाकूड नसलेल्या, मऊ खोडाच्या, आपल्या छातीएवढ्या उंचीच्या वनस्पतीसुद्धा वर्षानुवर्षे जगतात हे पटकन कोणाच्या लक्षात येत नाही. आजच्या पाठात अशाच दोन वनस्पतींची तुलना करायची आहे. एक फुलझाड, कर्दळ. दुसरं गवत, वाळा.

हीच दोन का निवडली ते सांगते. आमची शाळा उतारावर आहे. पाऊस सुरू झाला की किचन शेडच्या मागची माती ओघळून खालच्या रस्त्यावर येते. शेडच्या जोत्याचा दगड एका बाजूने चांगला वीतभर उघडा पडलाय. पुढच्या बाजूला कडुनिंबाखाली हात धुण्याचे नळ आहेत. मधल्या सुट्टीनंतर तिथलं पाणी साचून चिखल होतो आणि डास होतात. या दोन जागांवर यंदा काहीतरी लावायचं ठरलं. मुलांना विचारलं तर सगळ्यांचे हात कर्दळीसाठी वर. "बाई, तिला फुलं येतात!" वाळ्याच्या बाजूने एकच हात होता, आणि तो सुद्धा सरबत आवडतं म्हणून. पैसे मोजके, पाऊस तोंडावर. त्यामुळे कोणती वनस्पती कुठे लावायची हे नीट समजून घेणं भाग होतं.

तुलना करताना काय बघायचं?

तुलना म्हणजे 'हे सुंदर, ते साधं' असं म्हणणं नव्हे. दोन्ही वस्तूंना एकच प्रश्न विचारायचा आणि दोघांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवायची. पान कसं आहे? फूल कसं आहे? मूळ कुठपर्यंत जातं? नवीन रोप कसं तयार होतं? कापलं तर काय होतं? बहुतेक मुलं (आणि आपण मोठी माणसंसुद्धा) पहिल्या दोन प्रश्नांवर थांबतात, कारण पान-फूल डोळ्यांना दिसतं. बागेत मात्र खरा फरक पडतो तो जमिनीखालच्या भागामुळे. म्हणून पान-फूल आधी उरकून घेऊ आणि मुळांपाशी जास्त वेळ थांबू.

पान

कर्दळीचं पान रुंद, केळीच्या पानाची लहान बहीण शोभेल असं. हे साम्य उगीच नाही. कर्दळ, केळ, हळद आणि आलं या सगळ्या वनस्पती एकाच मोठ्या गणातल्या, म्हणजे लांबच्या नात्यातल्या. वाळ्याचं पान अरुंद, लांब, कडेने खरखरीत. वाळ्याचे नातेवाईक कोण? ज्वारी, बाजरी, भात, गहू, ऊस आणि बांबू. ऊस हे गवत आहे म्हटल्यावर वर्गात हमखास हशा होतो. होऊ द्यावा. मग उसाचं आणि वाळ्याचं पान हातात देऊन शिरा बघायला सांगावं.

शिरांच्या बाबतीत मुलांचा एक गोंधळ होतो. वाळ्याच्या पानात शिरा देठाकडून टोकाकडे सरळ, एकमेकींना समांतर जातात. हा समांतर शिराविन्यास सोपा. कर्दळीच्या पानाला मात्र मधोमध जाड शीर आहे आणि तिच्यातून बाजूला शिरा फुटतात, म्हणून मुलं ते जाळीदार समजतात. पान उन्हाकडे धरून बघा. बाजूच्या शिरा एकमेकींना समांतरच कडेपर्यंत जातात, पिंपळाच्या पानासारखं जाळं दिसत नाही. म्हणजे कर्दळ आणि वाळा दिसायला कितीही वेगळे असले तरी दोन्ही एकबीजपत्री. दोघांनाही सोटमूळ नसतं.

फूल

इथे कर्दळ बाजी मारते, त्यात वादच नाही. लाल, पिवळी, केशरी, ठिपक्यांची फुलं, आणि ती सुद्धा वर्षातले बरेच महिने. शिंजीर नावाचा चिमुकला पक्षी मधासाठी येतो, फुलपाखरं येतात.

पण कर्दळीच्या फुलात एक गंमत लपलेली आहे. आपण ज्यांना रंगीत पाकळ्या म्हणतो त्या पाकळ्या नाहीतच! खऱ्या पाकळ्या तीन, अरुंद, लहान, मागे दडलेल्या. पुढे जे रंगीत, मोठं, झुलणारं दिसतं ते म्हणजे रूप बदललेले पुंकेसर. त्यांच्यात परागकण तयार होत नाहीत. परागकण देणारा पुंकेसर एकच, आणि तो सुद्धा अर्धाच कामाचा. त्याची एक बाजू पाकळीसारखी पसरट आणि दुसऱ्या कडेला छोटीशी परागकोशाची पट्टी. जास्वंदीच्या फुलाचे भाग शिकवून झाल्यावर कर्दळीचं फूल मुलांच्या हातात द्या आणि 'पुंकेसर शोधा' म्हणा. आख्खा तास कसा जातो कळत नाही.

फूल गळल्यावर खडबडीत, काटेरी वाटणारं हिरवं बोंड धरतं. आत काळं, गोल, गोटीसारखं टणक बी. इंग्रजीत कर्दळीला 'इंडियन शॉट' म्हणतात ते याच बियांमुळे. शॉट म्हणजे बंदुकीचे छर्रे. शास्त्रीय नाव कॅना इंडिका, 1753 साली लिनियसने दिलेलं. नावात 'इंडिका' असलं तरी कर्दळ मूळची आपली नाही, ती अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. बी किती टणक असावं? अर्जेंटिनातल्या एका उत्खननात अक्रोडाच्या कवचाचा जुना खुळखुळा सापडला. त्यात कर्दळीच्या जातीचं बी होतं. ते बी रुजलं! त्याचं वय सुमारे 600 वर्षं असल्याचं 1971 साली 'नेचर' या विज्ञान पत्रिकेत छापून आलं. म्हणून कर्दळीचं बी पेरायचं असेल तर आधी खरखरीत दगडावर घासून त्याचं कवच थोडं झिजवावं लागतं, नाहीतर ते पाणीच पिणार नाही.

वाळ्याला फुलं येत नाहीत का? येतात. उंच दांड्यावर जांभळट-तपकिरी तुरा येतो. प्रत्येक फूल इतकं बारीक की भिंगाशिवाय कळत नाही. गवताचे परागकण वारा नेतो. वाऱ्याला रंग दिसत नाही, वास येत नाही, मग पाकळ्यांवर खर्च कशाला? मुलांना हे उत्तर फार आवडतं. गवताची शोभा वेगळ्या प्रकारची. वारा आला की आख्खं बेट एका बाजूला झुकतं, संध्याकाळच्या उन्हात तुरे चमकतात. फुलाची शोभा जवळून बघायची, गवताची चार पावलं मागे सरकून.

जाता जाता, हल्ली हॉटेलांसमोर आणि रस्त्याच्या दुभाजकांत गुलाबी-जांभळ्या तुऱ्यांचं 'फाउंटन ग्रास' लावलेलं दिसतं. दिसतं छानच. पण हे आफ्रिकेकडचं गवत आहे. मूळ जातीचं बी वाऱ्याबरोबर पसरतं, आणि हवाई बेटांवर तर त्याने स्थानिक वनस्पतींची जागा बळकावून उपद्रव केला आहे. शाळेच्या मागे लगेच डोंगर असेल तर असं गवत आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वाळा आपल्या देशातला आहे. त्यातही दक्षिणेकडचा लागवडीचा वाळा सहसा रुजणारं बी धरत नाही, त्यामुळे लावला तिथेच राहतो. उत्तरेकडच्या जंगली वाळ्याला मात्र बी येतं. ठोंब आणताना हे विचारून घ्यावं.

मूळ

आता खरा मुद्दा. कर्दळीचं बेट खणलं की पांढरट, जाडसर, आडवा वाढणारा भाग मिळतो. मुलं त्याला मूळ म्हणतात. पण त्यावर डोळे असतात, पेरं असतात, खवल्यांसारखी पानं असतात. म्हणजे ते खोड आहे, आल्यासारखं जमिनीतलं खोड. बोलताना आपण कंद म्हणतो. त्यात पिष्टमय पदार्थ साठवलेले असतात. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या भागात कर्दळीचे कंद भाजून खातात, आणि व्हिएतनाममध्ये त्याच्या पिठाच्या पारदर्शक शेवया करतात. (मुलांनो, बागेतली शोभेची कर्दळ खणून चुलीवर ठेवू नका म्हणजे झालं!)

हा साठा असल्यामुळे कर्दळ बहुवार्षिक ठरते. मे महिन्याच्या सुट्टीत शाळेला कुलूप, पाणी घालायला कोणी नाही. वरची पानं करपतात, झाड मेलं असं वाटतं. पण कंद जमिनीत जिवंत असतो आणि पहिल्या पावसाबरोबर डोळा फुटतो. मात्र हा कंद आणि त्याची बहुतेक मुळं वरच्या थरातच, साधारण फूटभर खोलीत असतात. सपाट, ओलसर जागी याने काही बिघडत नाही. उतारावर मात्र वरचा थरच वाहून जात असेल तर त्याच थराला धरून बसलेली कर्दळ मातीबरोबर खाली येते.

वाळ्याची रीत उलटी. कंद नाही, साठ्याची मोठी कोठी नाही. बुंध्यातून शेकडो बारीक, चिवट तंतुमुळं निघतात आणि ती आडवी फार पसरत नाहीत, सरळ खाली उतरतात. चांगल्या जमिनीत ती तीन-चार मीटरपर्यंत जातात. वर्गाचं छत जमिनीपासून साधारण तीन मीटरवर असतं. तेवढं अंतर जमिनीच्या खाली कल्पून बघा. वरची माती सुकली तरी खालची ओल वाळ्याला मिळते, आणि उतारावर तो खिळ्यासारखा रोवलेला राहतो.

नुसत्या मुळांनीच माती थांबते असंही नाही. वाळ्याचे ठोंब एका ओळीत जवळजवळ लावले की वर्ष-दोन वर्षांत त्यांचे फुटवे एकमेकांना भिडतात आणि गवताची भिंत होते. उतारावरून येणारं पाणी या भिंतीशी अडखळतं. पाण्याचा वेग कमी झाला की त्यातला गाळ खाली बसतो. पाणी गाळून पुढे जातं, माती मागे राहते. काही वर्षांत ओळीच्या वरच्या बाजूला आपोआप पायरी तयार होते. कर्नाटकात म्हैसूरकडच्या गुंडलुपेट भागातले शेतकरी बांधावर वाळा पिढ्यान् पिढ्या लावत आले आहेत. 1980 च्या दशकात जागतिक बँकेसाठी भारतात काम करणारे जॉन ग्रीनफिल्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ यांनी हीच पद्धत मृदसंधारणासाठी जगभर पोहोचवायला सुरुवात केली. पुढे 1993 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने वाळ्यावर आख्खं पुस्तकच काढलं.

इथे एक अडचण आहे आणि ती मुलांपुढे मांडलीच पाहिजे. वाळ्याचा सुगंध पानात नसतो, मुळात असतो. गवती चहाचं पान चुरगळलं की लिंबासारखा वास येतो, वाळ्याचं पान चुरगळून बघा, तसं काही नाही. माठात टाकायची जुडी, सरबत, कूलरचे पडदे, अत्तर हे सगळं मुळांपासून. आणि मुळं हवीत तर बेट खणून काढावं लागतं, साधारण दीड वर्षाचं झाल्यावर. म्हणजे उतारावर माती धरायला लावलेला वाळा सरबतासाठी उपटला तर ज्या मातीसाठी लावला तीच मोकळी होणार. दोन्ही फायदे एकाच ओळीतून मिळत नाहीत. सरबतासाठी हात वर करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग दोन ठोंब वेगळे लावू ना बाई, बादलीत." मला पटलं. फुटक्या बादलीत, पोत्यात वाळा लावला की मुळं काढायलाही सोपी.

कापल्यावर काय होतं?

हा प्रश्न पाठ्यपुस्तकात नसतो, पण बाग सांभाळणाऱ्याला रोज पडतो. शेळी शिरली, कोणी विळा चालवला, मग? गवताची वाढ खालच्या बाजूला, बुंध्याजवळ होते. म्हणून वरून कापलं तरी ते परत वाढतं, उलट फुटवे दाट होतात. वाळ्याची ओळ गुडघ्याएवढी कापत राहावी. कापलेली पानं भाज्यांच्या आळ्यात आच्छादन म्हणून टाकता येतात. दाट गवतात साप-विंचू बसेल ही पालकांची भीती रास्त आहे. ओळ कापून बुंधा मोकळा दिसेल असा ठेवावा.

कर्दळीचं फूल खोडाच्या शेंड्याला येतं. शेंडा खुडला की त्या खोडाचं फूल गेलं. त्याऐवजी एका खोडाची सगळी फुलं होऊन गेली की ते खोड जमिनीलगत कापावं, म्हणजे शेजारच्या नव्या कोंबांना जागा आणि ऊन मिळतं. दोन-तीन वर्षांनी बेट फार दाटलं की खणून कंद वेगळे करून पुन्हा लावायचे. जास्तीचे कंद मुलांना घरी द्यावेत.

मग कुठे काय?

खरं सांगायचं तर वाळा दुष्काळ सोसतो आणि साचलेलं पाणीही सोसतो. मग दोन्ही ठिकाणी वाळाच का नको? कारण त्याला भरपूर ऊन लागतं. कडुनिंबाच्या सावलीत तो रोडावतो. कर्दळीलाही उन्हात फुलं जास्त येतात, पण अर्ध्या सावलीत ती तग धरते आणि ओल तिला मनापासून आवडते. सांडपाणी शुद्ध करण्याच्या 'रूट झोन' पद्धतीत कर्दळ लावतात ती यासाठीच. तिथे पाणी स्वच्छ करण्याचं बरंच काम मुळांभोवतीचे जिवाणू करतात, कर्दळ त्यांना जागा देते आणि पाण्यातली पोषकद्रव्यं स्वतः वापरते. म्हणून नळांजवळ कर्दळ. मात्र नुसती कर्दळ लावून डास जाणार नाहीत. आधी छोटा चर खणून त्यात विटांचे तुकडे आणि वाळू भरावी, पाणी वर साचता कामा नये, मग कंद लावावेत.

किचन शेडच्या मागे मात्र वाळाच. तिथे कर्दळ लावली तर एक-दोन महिने फोटो छान येतील आणि जोतं होतं तसंच उघडं राहील. मुलांची मतं मोडून काढावी लागली नाहीत. एक कर्दळीचं आणि एक वाळ्याचं बेट मुळासकट धुऊन वऱ्हांड्यात शेजारी ठेवलं, तेव्हा ती आपणहून बोलायला लागली.

लागवड

कर्दळीच्या कंदाचा एक-दोन डोळे असलेला तुकडा घ्यावा, डोळा वरच्या बाजूला ठेवून तीन-चार इंच खोल आणि एक ते दीड फूट अंतरावर लावावा.

वाळ्याच्या ठोंबाची पानं वीतभर ठेवून कापावीत, मुळंही दोन-तीन इंच ठेवून छाटावीत. दोन ठोंबांत चार ते सहा इंच अंतर. यापेक्षा जास्त अंतर ठेवून पैसे वाचवायला जाऊ नये. मध्ये फट राहिली की सगळं पाणी त्याच फटीतून जोरात जातं आणि तिथे नवीन ओघळ पडतो. ओळ उताराला आडवी आणि एकाच पातळीत हवी. ही पातळी काढायला गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाणी भरून वापरा. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं हे मुलांना पुस्तकापेक्षा इथे लवकर कळतं. पहिला पाऊस पडून जमीन भिजली की लावावं. मध्ये उघडीप पडली तर पाणी द्यावं. वाळा चिवट असला तरी पहिल्या वर्षी त्याची मुळं खोल गेलेली नसतात, तेव्हा येत्या मे महिन्यात आठवड्यातून एकदा पाणी घालणारा एखादा पालक आत्ताच ठरवून ठेवा.

करून पाहा

दोन पसरट ट्रे घ्या. एकात नुसती माती, दुसऱ्यात गवताचे ठोंब दाटीने लावलेली माती. गवत महिनाभर रुजू द्या. मग दोन्ही ट्रे सारखेच तिरपे ठेवून झारीने सारखंच पाणी ओता आणि खाली येणारं पाणी दोन काचेच्या बाटल्यांत धरा. बाटल्या रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी बसलेला गाळ पट्टीने मोजून वहीत लिहा.

विचार करा आणि उत्तरे लिहा

1. आलं, बटाटा आणि कर्दळीचा कंद यांना मूळ न म्हणता खोड का म्हणतात? कोणत्या खुणांवरून ओळखाल?
2. वाऱ्यामार्फत परागण होणाऱ्या आणखी तीन वनस्पती तुमच्या शेतात शोधा. त्यांच्या फुलांचा रंग लिहा.
3. तुमच्या घराजवळ पावसात माती वाहून जाते अशी एक जागा शोधा. तिथे ऊन किती वेळ असतं, उतार कोणत्या दिशेला आहे आणि पाणी कुठून येतं ते बघा. मग तिथे काय लावाल ते कारणासहित सांगा.